आठव्या महिन्यात हलवत नाहीत

माझा धंदा पार्लरचा. साताऱ्यात एका बोळात दोन खुर्च्यांचं दुकान आहे. दिवसभर मी बायकांच्या भुवयांवरून दोरा फिरवते, हातापायांना वॅक्स लावून ओढते. थोडक्यात, बायकांना दुखवायचं आणि वर "या हं परत" म्हणायचं. समोरची बाई किती सोसेल हे मला पहिल्या दोऱ्यातच कळतं. "श्वास सोडा, काही होत नाही," असं मी दिवसातून कितीदा म्हणते त्याला हिशोब नाही. आणि स्वतः मात्र रक्त तपासायला गेले की विचारते, "यापेक्षा छोटी सुई नाही का?" माझा नवरा संदीप यावरून मला छळतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतो.

बाळंतपण म्हणजे आजार नव्हे, हे मला गेल्या वर्षात सगळ्यांनी ऐकवलं. कबूल. पण कळांच्या भीतीनं मला जे झालं तो आजारच होता. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. झोप नव्हती. बसल्या जागी छाती धडधडायची आणि हात असे कापायचे की दोरा धरता येईना. कुणाला हे होत असेल आणि घरचे "नाटकं करू नको" म्हणत असतील, तर तिनं हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

मागचं दार

सुरुवातीला मी खुशीत होते. संदीपनं तर कुणाला सांगायच्या आधीच पेढे आणले होते. पाचव्या महिन्यात बाळ हललं. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला लेप लावत होते, तेव्हाच. हात थांबला. पहिला विचार आनंदाचा आला, दुसरा लगेच त्याच्या मागून: हे आत आहे, आणि हे बाहेर येणार.

आजवर मला ज्याची ज्याची भीती वाटली त्याला कुठंतरी मागचं दार होतं. गणिताची भीती वाटली, दहावीनंतर गणित सोडलं. स्कूटीवरून पडले, स्कूटी विकली. याला दारच नव्हतं. मी काहीही केलं, कुठंही गेले, तरी ते माझ्याबरोबर येणार होतं आणि एका दिवशी माझ्यातूनच निघणार होतं. नको म्हणायची सोय नव्हती. बाळ तर मला हवंच होतं, म्हणून ही गोष्ट कुणाला सांगतानाही चोरट्यासारखं वाटायचं.

साताऱ्याच्या डॉक्टर मॅडमना मी एकदा धीर करून सांगितलं. "मॅडम, मला कळा नकोत. सरळ सिझर करा." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आठव्या महिन्यात मिस्टरांना घेऊन या, निवांत बसू. कमरेतल्या इंजेक्शनबद्दल सांगेन, लेबर रूम दाखवेन, आमच्याकडे बोलायला एक ताई येतात त्यांची गाठ घालून देईन. मग काय ते ठरवू." त्या दिवशी मी पोटभर जेवले. काहीच ठरलं नव्हतं, पण माझं म्हणणं कुणीतरी पुरतं ऐकून घेतलं होतं.

पेरांवरचा हिशोब

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारण्यासारखं काही नसतं. सातव्यात ओटी भरली, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि आई-अण्णा मला कवठे महांकाळला घेऊन आले. मी निर्धास्त होते. म्हटलं, मॅडमनी बोलावलंय तेव्हा भावाच्या गाडीनं एक दिवस जाऊन येऊ.

जायची वेळ आली त्या आठवड्यात मी आईला आठवण करून दिली. आई भाकरी थापत होती. "आता कुठं जातीस? आठवा लागला की."

"आई, डॉक्टरांनी आठव्यातच बोलावलंय."

"त्येंचं काय, त्येनी बोलवत्यात. आठव्यात हलवत न्हाईत बाय." पिठाच्या बोटांची पेरं मोजत ती म्हणाली, "सातव्यातलं जगतंय. नवव्यातलं जगतंय. आठव्यातलं..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला. हनुवटीला पीठ लागलं.

आता याच्यापुढं कोण बोलणार? अण्णा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर अजून वर धरला. मी साताऱ्याला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, मॅडम फोनवर सांगत नाहीत, पेशंटला आणा. पेशंटला हलवत नव्हते.

गावातल्या दवाखान्यात नाव घातलं होतं. डॉक्टर भले माणूस होते, पण आत जायचं ते आईबरोबर. त्यांनी विचारलं, "काही त्रास?" उत्तर आईनं दिलं, "काय न्हाई, जरा घाबरतीया." ते म्हणाले, "पहिलटकरीण आहे, घाबरणारच." पुढचा नंबर आला. मी चपला घालत होते तोवर माझं आजारपण निकालात निघालं होतं.

आठवा सरेपर्यंत मी दिवस ढकलले. नववा लागला तशी मी पुन्हा विषय काढला. आई म्हणाली, "आता? आन् वाटंतच झालीस तर?"

म्हणजे आठव्यात हलवत नाहीत आणि नवव्यात हलता येत नाही. मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून बसले. खोली चांगली होती, खिडकीतून द्राक्षबाग दिसायची, पंखा होता, पायाला तेल लावायला वहिनी होती. एवढ्या मायेत अडकलं की ओरडताही येत नाही.

ऐकवणाऱ्या बायका

गर्भार बाई घरात आली की गल्लीतल्या बायका भेटायला येतात. कुणी शेंगोळी आणतं, कुणी खारी डाळ. डब्याबरोबर आपापली बाळंतपणंही आणतात. एक रात्रभर अडली होती. एकीनं दातात पदर धरला तो फाटला. शेजारच्या काकू ज्वारी काढताना मोकळ्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी भाकऱ्या बडवायला बसल्या, हे मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा ज्वारीचं रान वाढत गेलं.

मी एकदा म्हणाले, "काकू, मला लय भीती वाटतीया."

"आवं, त्यात काय! सगळ्या बायका झाल्यात. सोसाय पायजे."

आईही तेच म्हणायची. सोस. कधी मायेनं, कधी कावून, पण शब्द तोच. सगळ्या बायका झाल्यात, याचा मला आधार वाटायला हवा होता. मला वाटायचं, सगळ्या जिथून गेल्या ते सगळ्यांना माहीत आहे, आणि एकीलाही माझ्याबरोबर तिथं उभं राहायचं नाही.

वहिनी या बायकांत कधी बोलायची नाही. तिची पोरगी तीन वर्षांची. एकदा आम्ही दोघीच लसूण सोलत होतो, तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "ताई, खरं सांगू का?"

"सांग."

"दुखतंय. लय दुखतंय. पर मधी थांबतंय. कळ येती, जाती, मग जरा येळ काय नसतंय. आगदी काय नसतंय. मी एकदा डुलकी मारली हुती मधी. ह्ये कुणी सांगत न्हाई. सगळी निस्ती कळंचं सांगत्यात."

माझ्या भीतीला त्यानं काही झालं नाही. ती होती तिथंच होती. पण इतक्या दिवसांत कुणीतरी मला घाबरवायचं किंवा गप्प करायचं सोडून फक्त माहिती दिली होती. मी वहिनीच्या वाटणीचाही लसूण सोलून टाकला.

रविवारचा पाहुणा

तुम्ही म्हणाल, नवरा कुठं होता? नवरा साताऱ्याला, एमआयडीसीत शिफ्टला. दर रविवारी यायचा. पण माहेरी आलेला नवरा हा नवरा नसतो, जावई असतो. साताऱ्यात आम्ही एका प्लेटमध्ये वडापाव खातो. इथं त्याला पलंगावर नवी चादर अंथरून बसवायचे. समोर अण्णा बसायचे आणि द्राक्षांच्या छाटणीवर बोलायचे, ज्यातलं संदीपला ओ की ठो कळत नाही. माझा भाऊ दही, पापड, पाणी घेऊन उभा. मी आत. सगळ्यांसमोर मी त्याला 'हे' म्हणायचे आणि त्याचं मला हसू यायचं.

दोघांना मिळून दोन मिनिटं मिळत नसत. नीट रेंज फक्त गच्चीवर, आणि मला जिना बंद. घरात उभं राहून फोन केला की आई कान देऊन. मग मी म्हणायचे, "बरं आहे. जेवलास का?" त्याला वाटायचं, माहेरी पोरगी सुखात आहे.

नववा लागल्यानंतरचा तो रविवार. मटण शिजलं होतं. मी रस्सा वाढायला गेले आणि पळी हातातून सुटली. रस्सा त्याच्या मनगटावर, चादरीवर. आई झटकन म्हणाली, "तू जा आत. वहिनी वाढंल."

आतल्या खोलीत खताच्या पोत्यांच्या आड मी खाली बसले आणि मग ते फुटलं. मला आवाज आवरता आला नाही. "मला न्हाई जमणार, मला न्या हितनं, मला न्हाई जमणार," एवढंच म्हणत होते, कुणाला म्हणत होते कुणास ठाऊक.

संदीप ताटावरून उठला.

ज्यांच्याकडं ही रीत नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. जावई भरल्या ताटावरून उठणं म्हणजे घराची अब्रू जाणं. अर्धी भाकरी तशीच टाकून, खरकट्या हातानं, जिथं जावई कधी येत नाही त्या पोत्यांच्या खोलीत तो आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. "शीतल, काय झालं? मला सांग." मी सगळं सांगितलं. झोप, उलट्या, आठवा महिना, नववा महिना, काकूंची ज्वारी, सगळं.

बाहेर वेगळंच चाललं होतं. अण्णा दारात येऊन हात जोडून उभे. "पावणं, काय चुकलं का आमचं? मीठ कमी हाय का?" आई भावाला ढोसत होती, "आरं माफी माग, तूच कायतरी बोलला असशील." भाऊ बिचारा पापड धरून उभा.

संदीप म्हणाला, "मामा, मी आज इथंच राहतो. उद्या हिला सांगलीला डॉक्टरकडे न्यायचंय."

"व्हय, व्हय," आई अण्णांच्या आधी बोलली. "न्या की. सकाळीच निघा. गाडी काढायला सांगते."

वाटेत होण्याची भीती कुठं गेली? मी महिनाभर घसा कोरडा केला तरी या घराचं दार किलकिलं झालं नव्हतं, आणि याच्या अर्ध्या भाकरीनं ते सताड उघडलं. मला इतका राग आला की रडं थांबलं.

संदीप हळूच म्हणाला, "अगं, पण मी रागावलो नाहीये."

"गप बस. उद्यापर्यंत रागावलेलाच राहा."

बिचाऱ्यानं प्रयत्न केला. संध्याकाळी भावानं आवडीचं बासुंदीचं भांडं पुढं केलं तर नको म्हणून तोंड फिरवलं. मला तेव्हा त्याच्यावर फार प्रेम आलं. आईवरचा राग मात्र गेला नाही.

नाव

सांगलीच्या मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. आईही बरोबर आत आली होती. येताना तिनं पदराच्या गाठीत मीठ-मोहऱ्या बांधून घेतल्या होत्या. "काही त्रास?" असं मॅडमनी विचारलं आणि आईनं तोंड उघडलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मावशी, यांना बोलू द्या." मग माझ्याकडं वळून, "भीती वाटते म्हणजे नक्की कशाची?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "मरायची नाही. मी ओरडत असेन आणि कुणी थांबणार नाही, त्याची. मला न सांगता काहीतरी करतील, त्याची. मॅडम, मी वॅक्स ओढते ना, तर आधी सांगते, ओढते हं. बाई म्हणाली थांब, तर थांबते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ही पहिलटकरणीची नेहमीची काळजी नाही. ही भीती आजाराइतकी वाढलेली आहे. याला नाव आहे, उपचारही आहे. तुम्ही नाटक करत नाही आहात."

आई फरशीकडं बघत बसली.

मग एकेक गोष्ट ठरली. एका समुपदेशक ताईंशी बोलायला यायचं. झोपेचं बघायचं. लेबर रूम आधी बघून घ्यायची. हात लावण्याआधी सांगायचं. आत एक माणूस बरोबर राहील, कोण ते मी ठरवायचं. कमरेतलं इंजेक्शन, भूलतज्ज्ञ वेळेत पोचले तर. "वचन देत नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रयत्न नक्की करीन." त्यांनी वचन दिलं नाही म्हणूनच माझा विश्वास बसला.

मी बरी झाले असं नाही. सांगलीच्या फेऱ्या झाल्या, ताईंसमोर रडून झालं, थोडी झोप यायला लागली, पोळी पोटात राहायला लागली. पण पोट वाढत होतं आणि दिवस कमी होत होते. लेबर रूम पाहून आले त्या दिवशी उलटी झाली. ताई म्हणाल्या, भीती जाईलच असं नाही, तिच्यासकट आत जायचं. मला हे मुळीच आवडलं नाही. भीती बाहेर ठेवून जायचं होतं मला.

आत

कळा सकाळी सुरू झाल्या, पोह्यांचा घास तोंडात असताना. भावानं गाडी काढली. संदीप साताऱ्याहून निघाला. आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा तो अजून कऱ्हाडलाही पोचला नव्हता.

सिस्टरनी विचारलं, "बरोबर कोण थांबणार?" मी संदीपचं नाव सांगून ठेवलं होतं. आई दारापाशी उभी होती, पिशवी छातीशी धरून, आत येऊ का न येऊ अशी. दुसरं कुणी नव्हतंच. मी म्हणाले, "आई येईल." मनात म्हटलं, आता 'सोस' ऐकायची तयारी ठेव.

वहिनी खरं बोलली होती. मध्ये थांबत होतं. आणि त्या थांबण्यात मी भिंतीवरचा कॅलेंडरमधला गणपती बघत होते, पाणी पीत होते, एकदा तर आईला म्हणाले, "तुझा पदर वर घे, जमिनीला लागतोय." मग थांबणं आखूड होत गेलं. मग ते सापडेना.

कळांपेक्षा भीतीच मोठी होती, असं लिहायला छान वाटतं. मी लिहिणार नाही. मला जितकी भीती वाटली होती तितकंच दुखलं. पळायला जागा नव्हती, शरीर सोडून कुठं जाणार? मी ओरडले. एक सिस्टर चांगल्या मनानंच म्हणाली, "ओरडू नका, ताकद वाया जाते."

"वरडू द्या तिला," आई म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माज्या लेकीला दुखतंय. ती कमरंतली सुई का काय ती द्या म्हणलं तिला."

"मावशी, डॉक्टर निघालेत."

"निघाल्यात म्हंजी कुठवर आल्यात? फोन लावा त्यास्नी. आत्ता लावा."

मॅडम आल्या. "तपासते आता," असं आधी सांगून त्यांनी तपासलं, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शीतल, इंजेक्शनची वेळ गेली. बाळ आलंच आहे." माझा शेवटचा आधार होता तो. मी आईचा हात इतका आवळला की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. आईनं माझं डोकं पोटाशी धरलं. सोस म्हणाली नाही. "दुखतंय गं माजे बाय, दुखतंय, लय दुखतंय," एवढंच म्हणत राहिली, माझ्याबरोबर, कळ येईल तेव्हा.

मुलगी झाली. संदीप कंपनीच्या गणवेशातच धावत आला, तोवर तिला दुपट्यात गुंडाळलेलं होतं. त्यानं आधी मला विचारलं, "दुखलं?" मी हो म्हटलं. मग तो मुलीकडं वळला.

पाचवी

पाचवीला घर बायकांनी भरलं. पाटा पुजला, हळदीकुंकू झालं. मी आतल्या खोलीत, कानाला फडकं बांधून, मुलीला पाजत होते. दार उघडंच होतं. बाहेरच्या सोप्यातून आवाज येत होता.

"नार्मल झाली न्हवं? टाकं किती?"

"बिनसुईची झाली म्हनं. वाघीण हाय बाय तुजी लेक. आईवर गेलीया."

एवढं कौतुक आईच्या वाट्याला फारसं येत नाही. मला वाटलं, आता ती खुलून सांगेल.

"वाघीण न्हाई," आई म्हणाली. "लय भ्याली हुती ती. घास उतरत नव्हता तिला. आन् म्या तिला म्हयनाभर गप बसिवली. सोस, सोस करून."

मग बांगड्या वाजल्या आणि दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. मी तिला ओळखत नव्हते. गल्लीतल्याच कुणाची तरी नवी सून असावी, डोक्यावर पदर, पोट नुकतं दिसायला लागलेलं. ती आत आली, दार हळूच लोटलं आणि माझ्या बाजेजवळ खाली बसली.

"ताई," तिनं विचारलं, "लय दुखतंय का?"

"हो," मी म्हणाले. "लय. तुला भीती वाटती का?"

तिनं मान डोलावली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी तिच्या तोंडातला पदर काढला.